वीतभर भिंत

नाही, नाही, मला सांगायला लावू नकोस — सौमूनं पाठवलंय ना तुला? चहाचा कप हातात दिला असेल आणि म्हणाली असेल, 'खाली ओट्यावर माझा बाप बसलाय, त्यालाच विचारा.' सगळ्यांना असंच पाठवते ती. पाहुणा आला की त्याला काय काय द्यायचं ते ठरलेलं आहे तिचं — एक शहाळं, दोन पंचे, एक मच्छरदाणी आणि एक म्हातारा. मी काय हॉटेलच्या सामानातला आहे? बस आता, आलीच आहेस तर. उभी राहू नकोस, ओझ्याची गाढवं जातात इथून, ती वळत नाहीत कुणासाठी. इकडे, इकडे सरक. तो कोपरा सोड — तो माझा आहे. तिथं बसलं की वरचं ऐकू येतं. वरचं म्हणजे काय ते विचारू नकोस, सांगणार नाहीये मी.

काय नाव म्हणालीस? आतिएनो. म्हणजे मोठ्या तळ्याकाठची तू, देशाच्या पार त्या टोकाची. तुमच्या तळ्याला भरती येते का गं? नाही? ओहोटीही नाही? मग तुम्हाला उठायचं कधी, निघायचं कधी, हे कळतं कसं — घड्याळात बघून? या अल्ला. असू दे, हसू नकोस, मी खरंच विचारतोय. खोली कशी आहे? चांगली, चांगली, सगळे चांगलीच म्हणतात. बुटीक हॉटेल म्हणे. मी सौमूला विचारलं, बुटीक म्हणजे काय गं बाई, तर ती म्हणाली, बाबा, म्हणजे खोल्या कमी आणि लक्ष जास्त. मी वर जाऊन बघितलं तर खोल्या कमी आणि उशा जास्त. पलंगावर नऊ उशा! माणसाला डोकं एक. बाकीच्या आठ रात्री कुठं ठेवतेस तू? — जमिनीवर ना? सगळेच जमिनीवर ठेवतात, आणि सकाळी सौमू पुन्हा पलंगावर रचते. याला धंदा म्हणतात. आणि कागदावर छापलंय म्हणे, 'इथे शांतता मिळेल'. शेजारी मशीद, खाली गाढवं, समोर माझी मेहुणी — कसली शांतता? पण लोक येतात, आणि पडून राहतात, आणि जाताना डोळ्यांत पाणी आणतात. मला तर कळत नाही. मी या घरात एकोणपन्नास वर्षं राहिलोय, एकदाही कुणी माझ्या पलंगावर फूल नाही ठेवलं.

आणि तू — तू काल काय केलंस त्या शांततेत? भिंतीवर टकटक केलीस. तोंड वळवू नकोस, मला माहीत आहे. सकाळी न्याहारीला तूच म्हणालीस सौमूला, 'काल दुपारी भिंतीतून कुणीतरी तीनदा ठोकलं, मला गंमत वाटली, मीही तीनदा ठोकलं' — आणि सौमूच्या हातातली किटली पडली. पडली ना? तुझं बोलणं आणि किटली, दोन्ही ऐकू आलं मला इथवर. मग ती तुला म्हणाली, जा, बाबांना तुम्हीच सांगा. स्वतः सांगायची छाती नाही. बापाला घाबरते आणि पाहुण्यांना पुढं करते.

अजून नाही आलं काही. नाही, काही नाही, मी माझ्याशी बोलतोय.

बरं, वर बघ. मान वर कर. ही जी गल्लीवर खोली आहे ना, या घरापासून त्या घरापर्यंत, पुलासारखी, खालून गाढवं जातात — तिथं झोपतेस तू. सगळ्यात महागाची खोली. ती खोली माझ्या सासऱ्यानं बांधली. त्याला दोन मुली. आमच्यात घर मुलीला देतात, पोराला नाही — पोरगा जाईल आपल्या बायकोच्या घरी. तर मोठीला, रुकियाला, ते समोरचं घर दिलं, धाकटीला, झुएनाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे. आणि बायकांनी दिवसाउजेडी गल्लीत का उतरायचं, बहिणीकडे जायला, म्हणून मध्ये वर ही खोली. इकडून एक दार, तिकडून एक दार. चार पावलांची गल्ली, पण वरून गेलं की गल्लीला पत्ता नाही. मी लग्न करून इथं राहायला आलो तेव्हा गवंड्याचा पोरगा होतो — हो, गवंडीच, गावात मला अजून फुंदी फामाऊ म्हणतात, फुंदी म्हणजे हातानं काम करणारा — शाळेत दोन वर्षं गेलो, त्यातलं एक मास्तरांची पडवी सारवण्यात गेलं. मग सासऱ्यानं मला हाताखाली घेतलं. पोवळ्याचा दगड कसा भाजायचा, चुना किती दिवस भिजवायचा, भिंतीला पाणी किती दिवस पाजायचं, सगळं त्याच्याकडून. तुझ्या उशाशी ते कोनाडे आहेत ना, नक्षीचे, एकावर एक — ते माझे. फोटो काढलेस? काढ, काढ. सगळे काढतात. नाव कुणी विचारत नाही.

तर रोज दुपारी, दुसरी अजान झाली, नमाज झाली की रुकिया तिकडून तीनदा ठोकायची — टक, टक, टक. म्हणजे कॉफी झाली, ये. इकडून झुएना तीन द्यायची, म्हणजे आले. दोन दिले म्हणजे आज नाही, पाहुणे आहेत, नाहीतर नवरा घरात आहे. नवरा घरात आहे याचे दोन फार कमी वेळा वाजले, हे मी तुला सांगतो. एकदा ती त्या दारातून गेली की दिवेलागणीपर्यंत नाही. आणि हसायच्या. काय हसायच्या! मी इथं खाली बसलेलो, चुन्यानं बोटं फाटलेली, आणि वर दोघी हसतायत. कशाला हसता, विचारलं की झुएना म्हणायची, 'काही नाही हो, तुमच्याबद्दल नाही.' आता तूच सांग, कुणी न विचारता 'तुमच्याबद्दल नाही' म्हणतं का?

थांब. ऐकलंस? नाही, ते गाढव आहे. खुराचा आवाज. खूर दगडावर वाजला की अगदी तसंच वाजतं. या वेळेला ठोकून झालेलं असतं तिचं एरवी. कॉफीवाला बदी अजून गेला नाही ना? तो जायच्या आत ठोकते ती, नेहमी.

मग तिकडच्या दारात भिंत कुणी घातली? बघितलंस, हुशार आहेस. गावात विचार, गाव सांगेल — रुकियानं मागितली. हॉटेल झालं, परके पुरुष त्या खोलीत झोपणार, म्हातारीच्या घरात डोकावणार, तिनंच सांगितलं, दार बुजवा. मीच सांगितलंय गावाला तसं. अकरा वर्षं सांगतोय. आता इतकं सांगून झालंय की कधीकधी मलाच खरं वाटतं. पण तू परवा परत जाणार तळ्याकडे, तुला सांगून माझं काय वाकडं होणार आहे — तिनं नाही मागितली. ती म्हणाली होती, पाहुणे दुपारी समुद्रावर जातात, मी तेवढ्यात येईन-जाईन, कुणाला कळणारही नाही. सौमू हो म्हणाली होती. झुएना हो म्हणाली होती. मला कुणी विचारलंच नव्हतं.

आणि त्याच्या आधी सौमूचं लग्न. लग्नात सगळं घर मी नव्यानं रंगवलं, चुना लावला, कोनाडे घासले, गुडघे मोडले माझे. बायका वर, पुरुष खाली. आणि मी खिडकीखाली उभा — ऐकत नव्हतो, उभा होतो — तर रुकिया सगळ्या बायकांसमोर भिंतीवरून हात फिरवून म्हणते, 'फामाऊचा चुना आणि फामाऊचा राग, दोन्हीला वाळायच्या आधीच तडा जातो.' सगळ्या हसल्या. हसू देत. पण सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं? माझी बायको. बांगड्या वाजेपर्यंत हसली. गवंड्याला चुन्यावरून बोलायचं? तुला तुझ्या कामावरून कुणी बोललं तर — काय काम करतेस तू? दात काढतेस? अगंबाई. बरं, मग समज, एखादी म्हणाली, हिच्या हातून चुकीचा दात निघतो. गावासमोर. काय वाटेल? तेच. माफी मागितली का रुकियानं? नाही. आजपर्यंत नाही. मागायला नको?

तर चार महिन्यांनी मौलिदीचा, पैगंबरांच्या जन्माचा, दिवस आला, अख्खा गाव चौकात, दोघी बहिणीही बुरखे घालून निघाल्या, गाणी ऐकायला. मी म्हटलं, माझं पोट दुखतंय. दुपारपर्यंत भिंत उभी. एकट्यानं. दगड वाहिले मी जिन्यानं, तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होतो. दोघी परत आल्या, वर गेल्या, आणि ओला चुना बघितला. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो होतो. मला वाटलं आता आरडाओरडा होईल. काही नाही. झुएनानं फक्त हात ठेवला भिंतीवर, असा, सपाट, ओल्या चुन्यावर, आणि काढला. तो हात अजून आहे. आरशामागे बघ. सौमूनं मुद्दाम तिथं आरसा लावला, म्हणजे मला दिसू नये. मला दिसतो ना. आरसा असला तरी दिसतो. गेल्या वर्षी एका गोऱ्या बाईनं आरसा काढून त्या हाताचा फोटो काढला आणि सौमूला म्हणाली, किती सुंदर कल्पना.

आणि तडा? एक तडा नाही. अकरा वर्षांत केसाएवढा नाही. जाऊन बघ.

काय म्हणालीस? पुन्हा म्हण. …हं. दात काढणारी असून भिंतींतलंही कळतं तुला. बरोबर आहे. इथल्या भिंती हातभर जाडीच्या, पलीकडे ढोल वाजवला तरी अलीकडे कळणार नाही. मग ठोकलेलं कसं ऐकू येतं? कसं ऐकू येतं — कारण ती भिंत हातभर नाहीये. वीतभर आहे. एक दगड, मध्ये भराव नाही, दोन्हीकडून चुना, बस. कुणी शिकाऊ पोरानं अशी भिंत घातली असती तर मी लाथ मारून पाडली असती. दगड संपले होते म्हणून. नव्हते संपले. अंगणात पडले होते, अजून आहेत, सौमूनं त्यावर कुंड्या ठेवल्यात. आता मला का विचारतेस — मला राग आला होता, पण इतका नव्हता. हातभर राग नव्हता आला. पुढं विचारू नकोस.

दुसऱ्याच दिवशी दुपारी, टक, टक, टक. आणि इकडून तीन. कॉफी नाही, दार नाही, जाणं नाही, तरी तीन. मग दोघी भिंतीला तोंड लावून बोलत बसायच्या. झुएना उशी घेऊन जायची. मी इथं, या कोपऱ्यात — शब्द नाही कळायचे, पण हसणं कळायचं. भिंत घालूनही हसणं कमी झालं नाही, हे लक्षात घे. सात वर्षं. आणि मग एक पावसाळा आला आणि हसणं थांबलं. बोलणं चालू, हळूहळू, तासन् तास, पण हसणं नाही. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, भांडल्या. आणि मला बरं वाटलं. ऐक, मला बरं वाटलं. त्या दिवशी मी बदीकडून दोन कप कॉफी प्यायलो.

छातीत गाठ होती झुएनाच्या. सहा महिने. बहिणीला सांगितलं, भिंतीतून, मला नाही. बहिणीला शपथ घातली, फामाऊला कळू देऊ नकोस. माझ्याबरोबर एका थाळीत जेवत होती, माशाचे काटे काढून माझ्या बाजूला ठेवत होती, आणि एक शब्द नाही. दार असतं, आणि रुकिया पूर्वीसारखी येत-जात असती, तर मी तिच्या तोंडाकडे बघून ओळखलं असतं — त्या बाईच्या पोटात काही राहत नाही, तोंडावर सगळं वाचता येतं, माझ्यासारख्या अडाण्यालाही. पण तोंड दिसायला दार लागतं ना. मला कळलं तेव्हा फक्त बोट ठरवायचीच राहिली होती, मोंबासाच्या इस्पितळात न्यायला. बोट ठरवली मी. तिचा उपयोग झाला नाही.

चार वर्षं झाली त्याला. नको, पाणी नको. बस तू.

तेव्हा रुकिया खालून आली, गल्लीतून, हे दार ओलांडून, तीन दिवस बायकांत बसली. मी पुरुषांत. मग चाळीस दिवस झाले, घर रिकामं झालं, आणि एकेचाळिसाव्या दिवशी मी इथं बसलोय, दुपारची नमाज करून, तर वर टक, टक, टक. मला वाटलं कान वाजतायत. पुन्हा. आता इकडून उत्तर द्यायला कोण होतं? मी हा कांदळाचा सोटा घेतला आणि खालून त्या वाशाला मारलं. बघ, खळगा पडलाय तिथं, दिसतोय? दोनदा मारलं. का दोनदा — तीन मारायला हात उचलला होता, दोन झाले आणि हात राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. पुन्हा मी दोन. चार वर्षं, रोज. खोलीत पाहुणे असोत नसोत. ती विचारते कॉफी घेणार का, मी सांगतो नाही. तिला माहीत आहे मी नाही म्हणणार, मला माहीत आहे ती विचारणार. सौमू म्हणते, बाबा, हा काय पोरखेळ. पोरखेळ! चार वर्षांत रोज एकदा मला कुणी विचारतं, येतोस का. तुझ्या हॉटेलात विचारतं का कुणी?

आणि काल मी दवाखान्यात होतो. दात. तू दात काढतेस ना, मग बघ, हा इथला, अर्धा तास ओढला त्यानं. मी तिकडे, आणि तू वर नऊ उशांत पडलेली, आणि तू दिलेस तीन.

चार वर्षांत पहिल्यांदा तीन! काय झालं असेल त्या म्हातारीचं? आज सकाळी बदी सांगतो मला, काल दुपारी रुकियाबाईनं खिडकीतून दोरीनं टोपली खाली सोडली, आलं मागवलं, आणि हलवा — 'फुंदी, दोघांचा हलवा मागवला हो बाईनं, कोण आलं होतं?' दोन कप काढले असतील. पितळेचे, तिच्या बापाचे. आणि मग जाळीच्या खिडकीत येऊन बसली असणार, मी कधी उठतो बघत. आणि मी — मी दवाखान्यातून आलो, मला काही माहीत नाही, गाल हा असा सुजलेला, या ओट्यावर बसलो तिच्या खिडकीसमोर, चार पावलांवर, वर बघितलं, आणि थुंकलो. रक्त होतं गं तोंडात! कुठं थुंकणार? गल्लीत थुंकलो. एकदा नाही. दिवेलागणीपर्यंत थुंकत होतो. ती बघत असणार. दोन कप समोर ठेवून बघत असणार.

हसू नकोस. …हस. मीही हसलो असतो, दुसऱ्याचं असतं तर. झुएना तर बांगड्या वाजेपर्यंत हसली असती.

तो बघ बदी. ऐकू येतायत कप वाजवताना? तो चालला परत. म्हणजे वेळ गेली. आज नाही ठोकलं तिनं. ताप असला तरी ठोकायची, ईदला ठोकायची, तिचा थोरला मुलगा वारला त्याच्या पाचव्या दिवशी ठोकलं होतं. आज नाही.

तू वर जाऊन ठोक म्हणतेस? वा. म्हणजे अजून एक घोळ. इकडून कधी कुणी सुरुवात केली नाही, पन्नास वर्षांत नाही, तिला कळणारच नाही ते काय आहे. आणि सोट्यानं किती सांगणार मी? थुंकलो ते रक्त होतं, हे कितीदा ठोकून सांगता येतं — तूच सांग. ते तोंडानंच सांगायला लागेल. सुजलेलं असलं तरी.

चार पावलं आहेत. धर, हा सोटा धर. नको, आधार नको, हात सोड, मी काय पडतोय. टोपी सरळ आहे का? आणि उपरण्यावर रक्ताचा डाग? असू दे, बरंच आहे, पुरावा राहील. हे बघ, सौमूला सांग, उद्या सकाळी तुझं सामान दुसऱ्या खोलीत हलवायला. ती विचारेल का, तर म्हण, बाबा छिन्नी शोधतायत. नऊ उशा झाकून ठेवायला सांग, चुन्याची धूळ जात नाही कापसातून. तो हात असलेला तुकडा तेवढा मी अख्खा काढणार आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही. आणि दुपारी त्या खोलीतून एक म्हातारी जाईल-येईल, ते कागदावर छापून टाक म्हणावं, शांततेच्या खाली.

आता जा तू. जा वर. काय बघतेस? माफी? रुकियाची माफी? चुन्यावरून बोलली त्याची? जाऊ दे, ती सोडली मी, भिंतीला तडा गेला नाही यातच आली ती. आता मीच मागतो जाऊन. पण माझी एक माफी राहिलीये अजून, ती नाही सोडणार — सहा महिने एका थाळीत जेवलीस आणि मला सांगितलं नाहीस, त्याची. ती रुकियानं नाही मागायची. ती झुएनानं मागायची.